सगळेच शेवटी स्वार्थी असतात का? चांगुलपणात 'मी' नेमका कुठे असतो?

१७ एप्रिल २०२१. मध्य रेल्वेचं वांगणी स्टेशन. एक दृष्टिहीन आई आपल्या लहान मुलाला घेऊन प्लॅटफॉर्मवरून चालली होती. चालता चालता दोघं कडेला आली, मुलाचा तोल गेला आणि तो थेट रुळांवर पडला. समोरून भरधाव एक्स्प्रेस येत होती. आईला मूल कुठे आहे हेच कळत नव्हतं. तेवढ्यात ड्युटीवर असलेले पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत आले. त्यांनी मुलाला उचलून प्लॅटफॉर्मवर ठेवलं आणि स्वतः वर चढले. काही क्षणांत गाडी तिथून निघून गेली.

सीसीटीव्हीचा तो व्हिडीओ देशभर पाहिला गेला. रेल्वेने शेळके यांना ५० हजार रुपयांचं बक्षीस दिलं. त्यातली निम्मी रक्कम त्या मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी देणार असल्याचं त्यांनी सांगितलं.

आता एक प्रश्न. हे त्यांनी कुणासाठी केलं?

'त्या मुलासाठी' हे उत्तर सरळ आहे. पण असं काही घडलं की एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतोच. "मूल डोळ्यांदेखत गेलं असतं तर आयुष्यभर मन खात राहिलं असतं. ते टाळायचं होतं, म्हणून धावला. म्हणजे शेवटी स्वतःसाठीच ना? जगात निःस्वार्थ असं काही नसतं."

हे वाक्य ऐकायला हुशारीचं वाटतं आणि खोडून काढायला अवघड. कुणी रक्तदान केलं, कुणी पूरग्रस्तांसाठी गाडी भरून सामान नेलं, कुणी आजारी सासूची दहा वर्षं सेवा केली, तरी हे एकच वाक्य सगळ्यांना लागू करता येतं. पण ते खरं आहे का? आणि खरं असेल, तर सद्गुण नावाची काही गोष्ट उरते का?

आधी तीन शब्द वेगळे करू

मराठीत आपण 'अहंकार', 'स्वार्थ' आणि 'स्वहित' हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. इथेच बराचसा गोंधळ होतो.

अहंकार म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं. अहंकारी माणूस मदतही करेल, पण व्यासपीठावर पहिली खुर्ची मागेल.

स्वार्थ म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तरी चालेल, पण आपला फायदा आधी. स्वार्थी माणूस अहंकारी असेलच असं नाही. तो अगदी नम्रपणे, हात जोडूनही स्वार्थ साधू शकतो.

स्वहित म्हणजे स्वतःचं भलं पाहणं. वेळेवर जेवणं, औषध घेणं, पगारवाढ मागणं हे स्वहित आहे. यात कुणाचं काही हिसकावलेलं नाही. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण हेच सांगते. पोटोबा पाहणारा माणूस त्यामुळे दुष्ट ठरत नाही.

तत्त्वज्ञानात 'स्वार्थवाद' म्हणतात तो या सगळ्याच्या एक पाऊल पुढे जातो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणतो, माणूस जे काही करतो ते अखेर स्वतःसाठीच करतो, त्याला दुसरं काही जमतच नाही. दुसरा म्हणतो, जमो न जमो, माणसाने स्वतःसाठीच जगायला हवं. पहिला माणसाच्या स्वभावाबद्दलचा दावा आहे आणि दुसरा नीतीबद्दलचा. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

हॉब्स आणि म्हातारा भिकारी

पहिल्या दाव्याशी सर्वांत जास्त जोडलं जाणारं नाव म्हणजे इंग्लंडचा तत्त्ववेत्ता थॉमस हॉब्स. यादवी युद्धाच्या काळात जगलेल्या या माणसाचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ १६५१ मध्ये आला. माणसाला आवरणारी सत्ता नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या जिवावर उठेल, असं त्याचं मत होतं.

हॉब्सला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रे या लेखकाने त्याची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लंडनच्या रस्त्यावर हॉब्सने एका गरीब, आजारी म्हाताऱ्याला पैसे दिले. शेजारी एक धर्मगुरू उभे होते. त्यांनी विचारलं, येशूची आज्ञा नसती तर तुम्ही दिले असते का? हॉब्सने होकार दिला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, त्या म्हाताऱ्याची अवस्था पाहून मला त्रास होत होता. पैसे दिल्याने त्याला थोडा आराम मिळाला आणि त्यामुळे मलाही.

वरचा युक्तिवाद हाच आहे. मनाची टोचणी गेली, म्हणजे फायदा झाला. फायदा झाला, म्हणजे स्वार्थ.

हा युक्तिवाद कुठे घसरतो?

त्याला नेमकं उत्तर जोसेफ बटलर या इंग्लिश धर्मगुरूने दिलं. १७२६ मध्ये छापलेल्या प्रवचनांत त्याने मांडलेला मुद्दा आजही बिनतोड मानला जातो. सोप्या शब्दांत तो असा.

एखादी गोष्ट केल्यावर समाधान मिळतं, याचा अर्थ समाधानासाठीच ती केली असा होत नाही. उलट समाधान मिळण्यासाठी आधी त्या गोष्टीची ओढ असावी लागते.

उदाहरण घरातलं घ्या. भारत सामना जिंकला की क्रिकेटवेड्या माणसाला आनंद होतो. पण ज्याला क्रिकेटशी काही देणंघेणं नाही, त्याला तोच निकाल ऐकून काही वाटत नाही. आनंद व्हायला आधी संघाबद्दल काहीतरी वाटावं लागतं. तसंच मदतीचं आहे. म्हातारा भिकारी पाहून हॉब्सला त्रास झाला, कारण त्या म्हाताऱ्याचं काय होतंय याची त्याला पर्वा होती. पर्वा नसती तर त्रास झाला नसता आणि पैसे दिल्यावर हायसंही वाटलं नसतं.

म्हणजे 'मन खाल्लं असतं म्हणून धावला' हे वाक्य धावणाऱ्याचा स्वार्थ सिद्ध करत नाही. अनोळखी मुलासाठी ज्याचं मन खातं, तो माणूस स्वार्थी कसा?

या दाव्यात आणखी एक गोची आहे. दान केलं तर 'पुण्यासाठी', गुपचूप केलं तर 'स्वतःच्या नजरेत मोठं होण्यासाठी', जीव दिला तर 'अमर होण्यासाठी'. काहीही झालं तरी उत्तर तयार असेल, तर तो दावा माणसाबद्दल काहीच सांगत नाही. त्याने फक्त 'स्वार्थ' या शब्दाचा अर्थ एवढा ताणला आहे की गाडीसमोर धावणारा आणि पूरग्रस्तांचं सामान पळवणारा, दोघंही त्यात बसतात. दोघांना एकच नाव देणारा शब्द काय कामाचा?

प्रयोगात काय दिसलं?

हा वाद नुसत्या तर्कावर सोडायला नको, असं अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांना वाटलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात ४४ विद्यार्थिनी होत्या. प्रत्येकीला पडद्यावर 'इलेन' नावाची तरुणी विजेचे झटके सोसताना दिसायची. प्रत्यक्षात झटके खोटे होते आणि इलेन अभिनय करत होती, पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. थोड्या वेळाने विचारलं जायचं, तुम्ही तिच्या जागी बसाल का?

यातली मेख पुढे आहे. काही जणींना आधीच सांगितलं होतं की दोन फेऱ्या पाहिल्या की तुमचं काम संपलं, उठून जायला मोकळीक आहे. बाकीच्यांना सगळ्या दहा फेऱ्या पाहाव्या लागणार होत्या. मदत फक्त स्वतःचा त्रास घालवण्यासाठी असेल, तर ज्यांना उठून जाता येतं त्या जातील. झटके खाण्यापेक्षा दाराबाहेर पडणं केव्हाही सोपं.

ज्यांना इलेन आपल्यापेक्षा वेगळ्या विचारांची आहे असं सांगितलं होतं, त्यांच्या बाबतीत अगदी हेच झालं. जाता येत असताना फक्त १८ टक्के जणींनी जागा बदलायची तयारी दाखवली. अडकून पडायची वेळ आली तेव्हा हे प्रमाण ६४ टक्के झालं. हॉब्सला अपेक्षित होतं तसंच.

पण इलेनची आवडनिवड, मूल्यं आपल्यासारखीच आहेत असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांचं गणित वेगळं निघालं. उठून जायची पूर्ण मोकळीक असतानाही ९१ टक्के जणी तिच्या जागी बसायला तयार होत्या. अडकलेल्या स्थितीत हे प्रमाण ८२ टक्के होतं. इलेनबद्दल आपुलकी वाटली की पळवाट उघडी असली काय, बंद असली काय, फरक पडला नाही.

प्रयोग लहान होता, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावता येत नाही. त्यातून दोन्ही गोष्टी दिसतात हे महत्त्वाचं. आपल्यात हॉब्सचा माणूसही आहे आणि बटलरचाही. कुठला जागा होईल, हे समोरचा आपल्याला 'आपला' वाटतो की 'परका' यावर बरंच अवलंबून असतं.

'मी'चा परीघ किती?

बॅटसन यांच्यावर आक्षेपही आले. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये म्हटलं की आपुलकी वाटते तेव्हा आपण समोरच्यात स्वतःलाच पाहतो. मग त्याला मदत करणं म्हणजे एका अर्थी स्वतःलाच मदत करणं नाही का?

मराठी वाचकांसाठी हा आक्षेप नवा नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'गीतारहस्य' या प्रश्नाला थेट भिडतं. त्यातलं 'आधिभौतिक सुखवाद' हे प्रकरण चार्वाकापासून हॉब्सपर्यंत स्वार्थाच्या पायऱ्या तपासतं. परोपकार म्हणजे लांबचा विचार करून साधलेला स्वार्थ, हे हॉब्सचं म्हणणं टिळकांना पटत नाही. वाघिणीसारखा क्रूर प्राणीही पिल्लांसाठी जिवावर उदार होतो, मग माणसातली माया हा हिशोब कसा मानायचा, असा त्यांचा रोख आहे.

याच चर्चेत टिळक बृहदारण्यकोपनिषदातला याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आणतात. पती, पत्नी, मुलं, धन हे सगळं आपल्याला प्रिय असतं ते 'स्वतः'साठीच, असं याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात. वरवर पाहता हे हॉब्ससारखंच वाटतं. पण याज्ञवल्क्यांचा 'स्व' एका देहापुरता नाही, तो सर्वांमध्ये असलेला आत्मा आहे. त्यामुळे सुरुवात एकच असली तरी शेवट उलटा होतो. हॉब्सच्या वाटेने जग आकसून 'मी'मध्ये येतं, याज्ञवल्क्यांच्या वाटेने 'मी' पसरून जगात जातो.

अध्यात्म बाजूला ठेवलं तरी यातला व्यवहारी अर्थ लक्षात येतो. अनोळखी मूल रुळांवर पडल्यावर ज्याला 'आपलं' वाटतं, त्याच्या कृतीला कुणी स्वार्थ म्हणालंच, तर तो स्वार्थ सद्गुणाचा शत्रू राहत नाही.

चांगलं करून आनंद झाला तर पुण्य कमी होतं?

अनेकांच्या मनात एक अपराधी भावना असते. मदत केली आणि छान वाटलं, म्हणजे आपला हेतू शुद्ध नव्हता का?

जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट इथे कडक आहे. १७८५ च्या आपल्या ग्रंथात तो दुकानदाराचं उदाहरण देतो. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण तसं केल्याने गिऱ्हाईक टिकतं म्हणून तो प्रामाणिक असेल, तर कांटच्या मते ते योग्य वागणं आहे, नैतिक मोल मात्र त्यात नाही. उलट एखाद्याचं मन दुःखाने कोरडं पडलं आहे, कुणाबद्दल काही वाटत नाही, तरी कर्तव्य म्हणून तो मदत करतो. त्याची कृती कांटला खरी मोलाची वाटते.

त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने वेगळी कसोटी मांडली होती. चांगलं वागताना आनंद होणं हीच सद्गुण मुरल्याची खूण, असं तो म्हणतो. दात-ओठ खात दान देणारा अजून उदार झालेला नाही, उदारपणाचा सराव करतो आहे. ज्याला देताना बरं वाटतं तो उदार.

स्वतःवरच्या प्रेमाचेही ॲरिस्टॉटल दोन प्रकार करतो. एक माणूस पैसा, मानसन्मान, चैन यांतला मोठा वाटा स्वतःकडे ओढतो. लोक त्याला स्वार्थी म्हणतात आणि ते बरोबर आहे. दुसरा स्वतःसाठी चांगलं वागण्याची संधी ओढून घेतो. त्याचंही स्वतःवर प्रेम आहे, पण त्याने कितीही घेतलं तरी दुसऱ्याचं ताट रिकामं होत नाही.

'आपण असे आहोत का?' हा प्रश्न विचारायला लावणारं स्वतःवरचं प्रेम सद्गुणाला खत घालतं. 'मला काय मिळेल?' एवढाच प्रश्न विचारणारं प्रेम त्याला पोखरतं.

आणि 'स्वार्थ हाच सद्गुण' म्हणणारे?

स्वार्थवादाचा दुसरा प्रकार तरुण वाचकांच्या ओळखीचा आहे तो आयन रँडमुळे. रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या या लेखिकेची 'द फाउंटनहेड' ही कादंबरी १९४३ ची. १९६४ मध्ये तिचा निबंधसंग्रह आला. त्याच्या नावातच तिने स्वार्थाला सद्गुण म्हटलं.

तिच्या म्हणण्यात एक दम आहे. दुसऱ्यासाठी स्वतःला मिटवणं म्हणजेच चांगुलपणा, या समजुतीवर ती हल्ला करते. आपल्याकडे या समजुतीची किंमत मुख्यतः बायकांनी मोजली आहे. सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी, स्वतःचं दुखणं अंगावर काढणारी, नोकरी सोडणारी बाई 'त्यागमूर्ती' ठरते. ती स्वतःसाठी दोन तास मागते तेव्हा 'स्वार्थी' ठरते. इथे 'स्वार्थ' हा शब्द दोष दाखवत नाही, तो फक्त गप्प बसवण्यासाठी वापरला जातो. तिने मागितलं ते स्वहित होतं. त्याला स्वार्थ म्हणणाऱ्यांना आयतं ताट हवं होतं, हा खरा स्वार्थ.

पण रँडचा नियम पुढे नेला की अडचण येते. संकटातल्या अनोळखी माणसाला वाचवणं कधी योग्य, यावर तिने लिहिलं आहे. स्वतःच्या जिवाला धोका अगदी कमी असेल तरच, असं तिचं उत्तर आहे. धोका मोठा असताना अनोळखी माणसासाठी उडी घेणं तिच्या मते चुकीचं, कारण त्यात स्वतःच्या जिवाची किंमत कमी लेखली जाते.

हा नियम वांगणीला लावून पाहा. शेळके यांनी नंतर माध्यमांना सांगितलं होतं की आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, तरी मुलाला वाचवायला हवं असं वाटलं. रँडच्या हिशोबाने ते चुकले. जो हिशोब या कृतीला चूक म्हणतो, त्या हिशोबातच काहीतरी राहून गेलं आहे.

कॅमेरा चालू असताना केलेली मदत

मग रीलचं काय? ब्लँकेट देताना, वडापाव वाटताना, रडणाऱ्या आजीला मिठी मारताना काढलेले व्हिडीओ खरे की दिखावा?

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका अंगठीची गोष्ट आहे. ती फिरवली की माणूस अदृश्य होतो. ग्लॉकन नावाचं पात्र विचारतं, अशी अंगठी मिळाली, कुणी पाहणारच नसेल, तर कुणी प्रामाणिक राहील का?

आज प्रश्न उलटा झाला आहे. प्रत्येक जण दिसतो आहे. त्यामुळे कसोटीही तीच, फक्त दुसऱ्या बाजूने. कॅमेरा बंद असता तर हे केलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर व्हिडीओने चांगुलपणा खोटा होत नाही, कदाचित तो पाहून आणखी चार जण मदत करतील.

दुसरा प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा आहे. व्हिडीओत चेहरा कुणाचा दिसतो? मदत घेणाऱ्याची लाचारी लाखो लोकांना दाखवून मिळवलेले लाइक्स हा देणाऱ्याचा नफा आणि घेणाऱ्याचा तोटा आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं म्हणतात. त्यात देणाऱ्याच्या नम्रतेइतकीच घेणाऱ्याची अब्रू राखलेली असते.

'सगळे स्वार्थी' म्हणण्याचा परिणाम

हा सगळा काथ्याकूट कशासाठी? कारण माणसांना स्वार्थी धरून चाललं की ती तशी वागायला लागतात.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. काही पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. सहा पाळणाघरांनी उशिरासाठी दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला. काही आठवड्यांत उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आधी 'ताईंना थांबावं लागेल' ही टोचणी होती. दंड आल्यावर पालकांच्या लेखी तो जास्तीच्या वेळेचा दर झाला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. गेलेली टोचणी परत आली नाही.

'सगळेच स्वार्थी असतात' हे वाक्यही असंच काम करतं. ते म्हणणाऱ्याला वाटतं आपण जगाचं खरं रूप ओळखलं. प्रत्यक्षात त्याने मदत करणाऱ्याला ढोंगी ठरवलेलं असतं आणि मदत न करणाऱ्या स्वतःला मोकळं केलेलं असतं.

वांगणीच्या त्या व्हिडीओत एका क्षणी मूल रुळांवर आहे, आई चाचपडते आहे आणि गाडी जवळ येते आहे. तेवढ्या वेळात पुण्य, बक्षीस, लाइक्स यांची बेरीज करायला कुणालाही सवड मिळत नाही. धावणाऱ्याला नंतर बरं वाटलं असेल, आणि वाटायलाच हवं. पण तो धावला तेव्हा त्याचं लक्ष स्वतःवर नव्हतं, त्या मुलावर होतं.